आप्तांचें स्मारक आणि रस्त्यांवरील अपमृत्यु

भाद्रपद वद्य चतुर्दशी ही तिथि आपल्या पंचांगांत एका विशेष श्राद्धासाठीं राखून ठेवलेली आहे. शस्त्रानें, अपघातानें किंवा तशाच एखाद्या आकस्मिक कारणानें ज्यांस मरण आलें, त्यांचें श्राद्ध पितृपक्षांत या दिवशीं करावें, असा शिष्टसंप्रदाय आहे. आमच्या बाळपणीं या चतुर्दशीस ज्यांच्याकडे पान वाढलें जाई अशीं घरें गांवांत एखाददुसरींच असत. आणि त्यांचेंही कारण विचारलें तर कोणी विहिरींत पडलेला असे, कोणास पान लागलेलें असे. आज तीच तिथि आली कीं आमच्या भंडारा जिल्ह्यांत आळीआळीला निदान एका घरीं तरी ती पाळली जाते, आणि कारण बहुधा एकच असतें : रस्ता.

हा केवळ म्हाताऱ्या माणसाचा भास नव्हे, हें पटविण्यासाठीं थोडे आंकडे देणें भाग आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं हिंदुस्थानांत रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. म्हणजे रोजचीं साडेचारशेंहून अधिक. त्यांपैकीं एकट्या महाराष्ट्रांतील मृत्यूंची संख्या १५,२२४ होती. मृतांमध्यें शेंकडा चव्वेचाळीसांहून अधिक लोक दुचाकीवरचे होते, आणि डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजे ज्यास सर्वजण हेल्मेट म्हणतात तें, नसतांना मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. एखाद्या महामारीनें वर्षाकाठीं इतकीं माणसें नेलीं असतीं तर घरोघर शांतिपाठ सुरू झाले असते. परंतु हीं माणसें एका जागीं आणि एका दिवशीं मरत नाहींत. एकेका घरांतून एकेक जातें, आणि म्हणून प्रत्येक घर आपलें दुःख आपल्यापुरतेंच मानतें.

अशा घरीं समाचारास जाण्याचे प्रसंग आमच्यासारख्या शिक्षकाच्या वांट्यास फार येतात, कारण गेलेला मुलगा पुष्कळदां आपल्याच हाताखालून गेलेला असतो. तेरावा होतो, महिने होतात, आणि वर्षश्राद्ध जवळ आलें कीं घरांतील वडील मंडळी हळूच विचारतात, "गुरुजी, त्याच्या नांवें कांहींतरी करावें असें मनांत आहे. काय करावें?" या प्रश्नाचें उत्तर नीट विचार करून देतां यावें, म्हणून हा लेख.

आपल्या धर्मशास्त्रांत कर्मांचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केलेले आहेत. यज्ञयागादि तें इष्ट. आणि विहीर, तलाव, पांथस्थांसाठीं अन्न, सावलीसाठीं झाडें असें जें सर्वांच्या उपयोगी पडावें तें पूर्त. पूर्त म्हणजे भरून काढणें. कोठें उणीव आहे तें पाहून ती भरून काढावयाची, एवढाच त्याचा साधा अर्थ. सम्राट् अशोकानें आपल्या शिलालेखांतून रस्त्यांच्या कडेला लावलेल्या वृक्षांचा आणि खणविलेल्या विहिरींचा उल्लेख अभिमानानें केला आहे. अहिल्याबाई होळकरांचें उदाहरण तर घरोघर ठाऊक आहे. १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पति गेले, १७६७ सालीं एकुलता एक पुत्र गेला. आणि त्यानंतरच्या आयुष्यांत त्या साध्वीनें काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधून वाटसरूंची सोय केली. आमच्या जिल्ह्यास तर दूरचें उदाहरण शोधावयासही नको. पूर्व विदर्भांतील शेकडों जुने तलाव, ज्यांस सरकारी दप्तरांत माजी मालगुजारी तलाव आणि लोकांच्या तोंडीं 'मामा तलाव' म्हणतात, ते कोहळी समाजाच्या कसबी हातांनीं शतकांपूर्वीं बांधले. ज्यांनीं ते बांधले त्यांचीं नांवें बहुतेक पुसून गेलीं. परंतु त्यांच्या पाण्यावर धान अजून पिकतें.

तेव्हां मृताच्या नांवें लोकोपयोगी काम करणें ही नवी गोष्ट नव्हे. बदललें आहे तें एवढेंच, कीं पूर्वीं वाटसरू तहानेनें आणि उन्हानें मरे, म्हणून पाणी आणि सावली हें पूर्त होतें. आज तो वेगानें आणि अंधारानें मरतो, म्हणून जेथें उणीव आहे तेथें आजचें पूर्त व्हावयास पाहिजे.

आमच्या जिल्ह्याची स्थिति पाहा. नागपुराहून रायपुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, जुना क्रमांक ६ व आतांचा ५३, भंडारा, लाखनी आणि साकोली या तिन्ही तालुक्यांतून जातो. गुजरातेंतील हजिऱ्यापासून ओरिसांतील पारादीपपर्यंतचीं अवजड वाहनें त्या वाटेनें रात्रंदिवस धांवतात. त्याच रस्त्यावर आमचा शेतकरी बंडी हांकतो, शाळेंतील मुलगी सायकलवर जाते, आणि दिवाळीच्या सुमारास धान कापणीला आलें कीं भाऱ्यांनीं व पोत्यांनीं लादलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अंधार पडल्यावरही चालूं असतात. कित्येकींस मागें दिवा नसतो. चाक बसलें किंवा डिझेल संपलें कीं त्या तेथेंच उभ्या राहतात. त्यांतच पहांटेचें धुकें. महामार्गाचा वेग आणि बंडीचा वेग एकाच डांबरावर आले कीं अपघातास निराळें कारण शोधावें लागत नाहीं.

आतां ज्यांनीं आपल्या दुःखांतून असें काम उभें केलें त्यांच्याकडे वळूं.

पहिलें उदाहरण मुंबईचें. दादाराव बिल्होरे हे भाजीचा व्यवसाय करणारे साधे गृहस्थ. २८ जुलै २०१५ रोजीं त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश आपल्या चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागें बसून जोगेश्वरी–विक्रोळी रस्त्यानें जात होता. पावसाच्या पाण्यानें भरलेला खड्डा दिसला नाहीं; गाडी उसळली आणि दोघेही फेंकले गेले. हेल्मेट घातलेला चुलतभाऊ वांचला. ज्याच्या डोक्यावर तें नव्हतें तो प्रकाश गेला. त्यानंतर दादारावांनीं बांधकामावरची उरलेली खडी, विटांचे तुकडे, सिमेंट गोळा करून फावड्यानें शहरांतील खड्डे बुजविण्यास आरंभ केला. तीन वर्षांत त्यांनीं बुजविलेल्या खड्ड्यांची संख्या पांचशेंच्या पुढें गेली, लोक त्यांच्या मदतीस येऊं लागले, आणि मुंबईनें त्यांस 'पॉटहोल दादा' हें नांव दिलें. त्यांच्यापाशीं ना निधि होता, ना संस्था. होतें तें फावडें. आरंभासाठीं मोठ्या रकमेची वाट पाहावी लागत नाहीं, हें त्यांच्यापासून घेण्यासारखें.

दुसरें उदाहरण दिल्लीचें, पण त्याचें फळ महाराष्ट्रास मिळालेलें. २००७ सालीं पीयूष तिवारी यांचा सतरा वर्षांचा मावस-चुलत नात्यांतला भाऊ रस्त्यावर जखमी होऊन पडला. येणारेजाणारे थांबले नाहींत आणि तो तेथेंच गेला. लोक निर्दय म्हणून थांबले नाहींत असें नव्हे. पोलीस चौकशी, कोर्टाच्या खेपा, रुग्णालयांतील पैशांची मागणी यांची धास्ती त्यांच्या मनांत होती. तिवारी यांनीं २००८ सालीं 'सेव्हलाइफ फाउंडेशन' ही संस्था काढली आणि या धास्तीच्या मुळाशींच हात घातला. त्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं निर्णय देऊन मदत करणाऱ्यास संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांस कायद्याचें बळ दिलें. पुढें २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत कलम १३४-अ घातलें गेलें. आज जखमीस रुग्णालयांत पोंचविणाऱ्या माणसावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाहीं, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्यास साक्षीदार होण्यास किंवा स्वतःचें नांव सांगण्यास भाग पाडतां येत नाहीं. याच संस्थेनें २०१६ पासून मुंबई–पुणें द्रुतगती मार्गावर रस्ते विकास महामंडळ व महामार्ग पोलीस यांच्या बरोबर काम केलें. प्रत्येक मृत्यूचा जागेवर जाऊन तपास करावयाचा, कठड्यांचीं उघडीं टोकें झांकावयाचीं, धोक्याच्या खुणा लावावयाच्या, रुग्णवाहिका वेळेवर पोंचते कीं नाहीं तें पाहावयाचें, असें तें चिकाटीचें काम. २०१६ सालीं त्या मार्गावर १५१ माणसें मेलीं होतीं. २०१९ सालीं ती संख्या ९२ वर आली.

विलायतेंत ब्रिजिट चौधरी या बाईंचा मुलगा १९९० सालीं तांबडा दिवा न जुमानणाऱ्या मोटारीखालीं गेला. त्यांनीं १९९२ सालीं 'रोडपीस' ही संस्था काढली, आणि १९९३ पासून रस्त्यांवर गेलेल्यांच्या स्मरणाचा एक दिवस पाळण्यास आरंभ केला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें २००५ सालीं तो दिवस जगासाठीं स्वीकारला. नोव्हेंबर महिन्याचा तिसरा रविवार हा तो दिवस होय. अमेरिकेंत कँडी लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी १९८० सालीं एका मद्यप्यानें चिरडली. त्याच्यावर पूर्वींही तसेच आरोप होते, तरी तो मोकळा हिंडत होता. त्या मातेनें मद्यपी चालकांविरुद्ध मातांची संघटना उभारली. १९८४ सालीं त्या देशांत मद्य विकत घेण्याचें किमान वय एकवीस वर्षें करण्यास सर्व संस्थानांस भाग पाडणारा कायदा झाला, त्यामागें या संघटनेचें बळ होतें.

या चारही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, तिच्याकडे वाचकांनीं अवश्य लक्ष द्यावें. कोणीही आपल्या माणसाचा पुतळा उभारला नाहीं. प्रत्येकानें विचारलें, "माझें माणूस नेमकें कशानें गेलें?" एकाचें उत्तर खड्डा, दुसऱ्याचें न थांबलेले लोक, तिसरीचें तांबडा दिवा, चौथीचें मद्य, आणि ज्यानें त्यानें तेवढीच उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. स्मारक कशाचें करावें हें ठरविण्याची यापरती सरळ कसोटी आम्हांस ठाऊक नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत हाच प्रश्न उभा राहिला होता. घर साकोलीच्या बाजूचें, चार चुली एकत्र असलेलें. मधला मुलगा नागपुरास नोकरीला होता. दिवाळीसाठीं मोटारसायकलवरून घरीं येत असतां रात्रीं रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या धानाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीस दिवा नव्हता. वर्षश्राद्धाच्या आधीं घरांत बैठक बसली. थोरल्या काकांचें म्हणणें, गांवच्या वेशीवर त्याच्या नांवाची कमान बांधावी. धाकट्या भावाचें म्हणणें, शाळेंत बक्षीस ठेवावें. दोन्ही विचार वाईट नव्हते, आणि पैसेही जमले होते. मुलाची आई इतका वेळ गप्प होती. ती एवढेंच म्हणाली, "भाऊजी, कमान त्याला दिसली असती; ट्रॉली दिसली नाहीं."

पुढें चर्चा झाली नाहीं. प्रकाश पडतांच चमकणाऱ्या तांबड्यापिवळ्या पट्ट्या, ज्यांस बाजारांत रेडियम पट्टी म्हणतात, त्या आणविल्या, आणि कापणीपूर्वीं पंचक्रोशींतील ट्रॉल्या व बंड्या यांस त्या लावण्याचें ठरलें. शाळेंतील वरच्या वर्गाच्या मुलांनीं ट्रॅक्टरमालकांची यादी केली. कांहीं मालकांनीं प्रथम नकार दिला. आपणांस कोणी दोष देत आहे असें त्यांस वाटलें. यादींत एक नांव असें होतें कीं तें वाचतांना मुलें थबकलीं. ती ट्रॉली त्याच माणसाची होती. नांव गाळावें असें मुलांच्या मनांत आलें; कोर्टांत प्रकरण चालूं होतें, आणि घरांतील पुरुष मंडळींसही तेंच योग्य वाटलें. आईनें सांगितलें, "त्याच्यावर काय व्हायचें तें कोर्ट पाहील. ट्रॉली रात्रीं रस्त्यावर येतेच आहे. तिला आधीं लावा." आणि तसेंच झालें. आम्हीं आयुष्यभर क्षमेवरचे धडे शिकविले. पण ही क्षमाही नव्हती. दुसऱ्या कोणाचा मुलगा त्याच जागीं जाऊं नये, एवढा तो साधा आणि कठोर विवेक होता.

एखादी पट्टी इतकी महत्त्वाची कां, हें शाळेंतील गणितानेंच समजेल. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. ताशीं ७२ म्हणजे सेकंदास २० मीटर. समोर कांहीं दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरूं, आणि ब्रेकमुळें वेग दर सेकंदास ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असें धरूं. पहिली गाडी १० अधिक १०, म्हणजे २० मीटरांत थांबेल. दुसरी २० अधिक ४०, म्हणजे ६० मीटर घेईल. वेग दुप्पट झाला, पण थांबण्याचें अंतर तिप्पट झालें. कारण ब्रेकचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. दुचाकीच्या खालच्या दिव्यांत काळवंडलेली ट्रॉली साठ मीटरांवरून दिसत नाहीं; चमकणारी पट्टी त्याहून बऱ्याच दुरून दिसते. मधला जो कांहीं सेकंदांचा फरक, तोच जगण्यामरण्यांतला फरक होय. ट्रॉलीच्या मागें लाल परावर्तक असावेत, हें मोटार वाहन नियमांतही आहेच. तें प्रत्यक्षांत आणण्यास पैसा फार थोडा आणि पायपीट फार लागते.

स्मृतिनिधींतून दुसरें करण्यासारखें काम म्हणजे हेल्मेट. तें घातल्यानें अपघातांत मरण्याची भीति सुमारें शेंकडा ४२ नें व डोक्यास इजा होण्याची शेंकडा ६९ नें कमी होते, असें अनेक देशांतील पाहण्यांचें एकत्र परीक्षण करून संशोधकांनीं सांगितलें आहे. मात्र तें भारतीय मानक संस्थेची खूण असलेलें पाहिजे, आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला पाहिजे. नाहीं तर तें टोपीइतकेंच उपयोगी. मागें बसणाऱ्याचें स्मरण तर कोणासच राहत नाहीं. चार वर्षांवरील प्रत्येकानें तें घालावें असें कलम १२९ सांगतें, आणि प्रकाश बिल्होरे हा मागेंच बसलेला होता. लग्नांत जांवयास मोटारसायकल देण्याची हौस ज्यांस आहे त्यांनीं मुलीसाठीं एक हेल्मेट आधीं घ्यावें.

तिसरें काम प्रथमोपचाराच्या शिक्षणाचें. अपघातानंतरचा पहिला तास सर्वांत मोलाचा. कायद्यानेंही त्याची व्याख्या करून ठेवली आहे. महामार्गालगतचे चहावाले, धाब्यावरचे पोरगे, पेट्रोलपंपावरचीं माणसें हीं जखमीजवळ सर्वांत आधीं पोंचतात. वाहणारें रक्त स्वच्छ कापडानें घट्ट दाबून कसें थांबवावें, मान न हलवितां माणसास कसें ठेवावें, बेशुद्धाच्या तोंडांत पाणी कां ओतूं नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका कशी बोलवावी, हें एका दुपारीं शिकवितां येतें. त्यासाठीं गांवचे डॉक्टर नकार देणार नाहींत. त्यांबरोबर कलम १३४-अ चा अर्थही सोप्या मराठींत फलकावर लिहून चहाच्या दुकानांत लावावा. २०२५ पासून अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत रोकड न भरतां उपचार मिळण्याची केंद्राची योजना झाली आहे, आणि प्राण वांचविणाऱ्यास देण्याचें बक्षीस पांच हजारांवरून पंचवीस हजार रुपयांवर गेलें आहे. हें लोकांस सांगणें हेंही पुण्यच.

चौथें काम अर्जांचें, आणि आमच्यासारख्या निवृत्तांस तें विशेष शोभणारें. जेथें पांचशें मीटरांच्या आंत तीन वर्षांत प्राणघातक किंवा गंभीर इजेचे पांच अपघात घडतात, अथवा दहा माणसें मरतात, त्या जागेस सरकार अपघातप्रवण स्थळ मानतें. अशा जागेची नोंद, तारखा आणि नकाशा यांसह जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढें अर्ज ठेवावा. कलेक्टर, पोलीस आणि बांधकाम खातें तेथें एकत्र बसतात. रस्त्याची रचना वा देखभाल नियमाप्रमाणें न झाल्यामुळें मृत्यु ओढवल्यास जबाबदार यंत्रणेस एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगणारें कलम १९८-अ आतां कायद्यांत आहे. त्याचा उल्लेख नम्रपणें पण स्पष्टपणें करावा. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखालीं पुन्हा विचारावें.

काय करूं नये हेंही सांगितलें पाहिजे. आपल्या मनानें रस्त्यावर गतिरोधक घालूं नये. त्याची उंची, रुंदी, रंग, आधींचा सूचनाफलक यांचे नियम आहेत, आणि रात्रीं न दिसणारा उंचवटा स्वतःच माणसें मारतो. वळणावर मोठ्या तसबिरीचा फलक लावूं नये. वाहन हांकणाऱ्याची दृष्टि रस्त्यावर पाहिजे, आपल्या दुःखावर नव्हे. देणाऱ्यांचीं नांवें पट्टीवर किंवा हेल्मेटवर छापूं नयेत. गेलेल्याचें नांव वहीच्या पहिल्या पानावर असावें, तेवढें पुरे.

आतां निधीचा प्रश्न. आपल्या घरचेच पैसे खर्च करावयाचे असतील तर कोणास विचारण्याचें कारण नाहीं. परंतु चारचौघांकडून वर्गणी घ्यावयाची म्हटली कीं तो पैसा आपला राहत नाहीं, विश्वासाची ठेव होतो. महाराष्ट्रांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा १९५० चा कायदा आहे. वर्गणी गोळा करण्यापूर्वीं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांत चौकशी करावी, किंवा आधींच नोंदलेल्या एखाद्या चांगल्या संस्थेमार्फत काम करावें. विश्वस्त निदान पांच असावेत आणि त्यांत घराबाहेरचे दोघे तरी असावेत. बँकेंत खातें निराळें, सही दोघांची, पावती पांच रुपयांचीही. मूळ रक्कम ठेवींत ठेवून व्याजांतून काम करावें कीं सर्व रक्कम दोन वर्षांत खर्चावी, हें आरंभींच लिहून ठेवावें. आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. दुःखाच्या पहिल्या दोन वर्षांत माणसें झटून काम करतात. पुढें ठेव राहते आणि काम राहत नाहीं, असें आम्हीं अनेक पारितोषिक-निधींच्या बाबतींत पाहिलें आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, कीं हीं सर्व सरकारचीं कामें; कर देऊनही तीं आपण कां करावीं? आक्षेप खोटा नाहीं. खड्डा बुजविणें हें दादारावांचें काम नव्हतेंच. पण त्यांच्या फावड्यामुळें तो कोणाचें काम होतें हें सर्व मुंबईस दिसलें. घरानें पट्ट्या लावाव्या आणि त्याच वेळीं अर्जही करावा. एक केल्यानें दुसरें करण्याची जबाबदारी टळत नाहीं.

दुसरा आक्षेप आंतून येतो, आणि तो अधिक अवघड आहे. "गेलेला आतां परत येणार नाहीं, मग हा खटाटोप कोणासाठीं?" त्या आईपुढें हें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें. ज्यास वांचविलें तो कोण हें कधींच कळत नाहीं. तो रात्रीं ट्रॉली पाहून बाजूनें निघून जातो, घरीं जेवतो आणि झोंपतो. त्यास ठाऊक नसतें आणि आपणांसही नाहीं. ज्यांनीं मामा तलाव बांधले त्यांसही पुढें कोणाचें धान भिजणार हें माहीत नव्हतें. पूर्ताचें स्वरूपच असें आहे.

शेवटीं एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस एक विनंति. दुसऱ्यांच्या बंड्यांस पट्ट्या लावण्यापूर्वीं आपल्या ओसरीवर उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे पाहावें. परवान्याचें वय न झालेला नातू ती घेऊन शिकवणीस जातो, आणि आजी कौतुकानें पाहते. २०१९ पासून अशा अपराधाबद्दल पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितलेला आहे. पण कैदेच्या भीतीनें नव्हे, घरांतील पानांची संख्या कमी होऊं नये म्हणून किल्ली वडिलांनीं आपल्याजवळ ठेवावी. मोठ्या घरांत किल्ली कोणाची हें कधीं ठरलेलें नसतें. तें आज रात्रीं जेवणाच्या वेळीं ठरवावें.

आणि ज्यांच्या घरीं घातचतुर्दशी पाळावी लागते, त्यांनीं तो दिवस हिशेबाचा करावा. श्राद्ध झाल्यावर वर्षाचा जमाखर्च वाचावा : किती ट्रॉल्या, किती हेल्मेट, किती अर्ज, किती उत्तरें. त्यानंतर दोनएक महिन्यांनीं, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारीं, धानाची वाहतूक ऐन भरांत असतांना, मुलांस बरोबर घेऊन पुन्हा पट्ट्या तपासाव्या. चिखलानें मळलेल्या पुसाव्या, उखडलेल्या नव्या लावाव्या. काम लहान आहे, आणि दर वर्षीं करावें लागणारें आहे.